आधी शुगर की आधी दात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख न देता:

“मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे, वय 38. आई 61 वर्षांची. नऊ वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू आहेत, बीपीचीही एक गोळी आहे. लहानपणापासून मिसरी लावते. वर्षभरापासून तिचे खालचे पुढचे दात हलतायत, हिरड्या खाली सरकल्यात, तोंडाला वास येतो. दुखत नाही, रक्तही फारसं येत नाही. येळवसेला (वेळ अमावास्येच्या सणाला) शेतात सगळे उंडे-भज्जी खात होते आणि ही नुसती आंबील पीत बसली. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तर म्हणाले, ‘शुगर नॉर्मल करून या, मगच हात लावतो.’ तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.4 आहे. शुगरचे डॉक्टर म्हणाले, ‘तोंडात इन्फेक्शन असताना शुगर उतरणार कशी? आधी दातांचं बघा.’ आठ महिने या दोघांमध्ये फिरतोय. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो, सगळे दात काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम दात) बसवू, शुगर आणि गुडघे आपोआप बरे होतील. हिरड्यांच्या आजारानं हार्ट अटॅक येतो, असे व्हिडिओ तो रोज पाठवतो. आई म्हणते, दात काढले की नजर जाते. यात खरं कोणाचं? आणि माझ्याकडून उशीर झाला का?”

गुरुजी,

उत्तर आधी सांगते, बाकीचं मागून बोलू. आठ महिने त्यासाठीच हेलपाटे घालताय. हिरड्यांची सफाई आत्ताच करायची, शुगर 9.4 असतानाच. दात काढणं, हिरडीचं ऑपरेशन, इम्प्लांट ही कामं मात्र शुगर जरा खाली आल्यावर. तुमचे दोन्ही डॉक्टर अर्धे अर्धे बरोबर आहेत. ‘हात लावणं’ म्हणताना दातांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे उपटलेला दात आणि आठवडाभर न भरणारी जखम असणार. शुगरच्या डॉक्टरांना फक्त ‘इन्फेक्शन काढा’ एवढंच म्हणायचं असणार. सफाई आणि दात काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे कोणीच तुमच्यासमोर वेगळं करून सांगितलं नाही. त्यामुळे तुमची आई त्या दोघांच्या मध्ये लटकली.

मला त्यांना नावं ठेवायचा फारसा हक्क नाही. मी फिजिशियन आहे, दातांची डॉक्टर नाही. कित्येक वर्षं मी शुगरच्या पेशंटची जीभ बघायचे, पापणी खाली ओढायचे, पायाची बोटं फाकवून बेचक्या तपासायचे. हिरडी बघायची म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरणं, असंच धरून चालले होते. मग एका बाईंची शुगर दोनदा इन्सुलिन वाढवूनही हलेना. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की त्या बोलताना दर वेळी पदर तोंडाला लावतात. मी समजत होते लाजतात. त्या वास लपवत होत्या. टॉर्च मारून ओठ खाली ओढला आणि हिरडीवर बोट दाबलं, तर दाताच्या कडेनं पू वर आला. तपासणीला अर्धा मिनिट लागला असेल. तो अर्धा मिनिट मी कित्येक महिने दिला नव्हता.

आता आजार समजून घेऊ. हिरडी दाताला कॉलरसारखी असते आणि त्या कॉलरच्या आत एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती 1 ते 3 मिलिमीटर खोल. दातांवर रोज धरणारा चिकट थर काढला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून जसा थर धरतो, तसंच ते दिसतं. पण दातावरचं कीटण बोअरच्या पाण्यानं येत नाही. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते जास्त धरतं, म्हणून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा. तुमच्या आईचे नेमके तेच दात हलतायत. कीटण फटीत उतरलं की हिरडी दात सोडायला लागते, फटीचा खिसा होतो, 4-5-6 मिलिमीटर खोल, आणि तळाशी दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. ‘दुखत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, दिलासा म्हणून. हिरड्यांच्या बाबतीत तो दिलासा धरू नका.

सगळ्या दातांभोवतीचे असे खिसे उलगडून एकाशेजारी एक मांडले, तर कित्येक चौरस सेंटिमीटर उघडी, सुजलेली जखम होईल. तेवढी जखम आईच्या पायाला असती, तर ‘शुगर नॉर्मल करून या, मग ड्रेसिंग करू’ असं कोणी म्हणालं असतं का? आणि तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

शुगर जास्त असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम लवकर भरत नाही, तोंड कोरडं पडतं, म्हणून हिरड्या बिघडतात. ही बाजू जुनीच माहीत आहे. 1993 मध्ये हॅराल्ड लो या संशोधकांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. त्याआधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा. उलटी बाजू अशी की हिरडीतल्या सततच्या सुजेतून निघणारी रसायनं रक्तात फिरतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणजे शुगर हिरडी बिघडवते आणि हिरडी शुगर चढवते. यात आधी कोण हे ठरवायला बसलात, तर आणखी आठ महिने जातील.

सफाईनं किती फरक पडतो? 2022 मध्ये कोक्रेन या संस्थेनं 35 चाचण्या एकत्र तपासल्या. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांची शुगर सरासरी 0.43 नं उतरलेली दिसली. तुमच्या आईच्या हिशेबात 9.4 ची 9 च्या आसपास. हे लहान समजू नका, पण त्यावर गोळी बंद करण्याचा विचारही करू नका. भाऊ म्हणतात तसं ‘आपोआप’ काही होणार नाही. गोळ्या, जेवण, चालणं आणि हिरड्या, चौघांनी मिळून ओढायचा गाडा आहे हा.

चावण्याची बाजू पत्रात तुम्ही नकळत लिहून गेलात, आंबील पीत बसलेल्या आईची. दात हलायला लागले की माणूस आधी काय सोडतो? कडक भाकरी, शेंगदाणे, काकडी, गाजर, मोडाची मटकी. आणि काय धरतो? चहात बुडवलेला टोस, बिस्किट, मऊ भात, साबुदाणा. सगळी शुगर चढवणारी पंगत. आई सध्या काय खाते, ते दोन दिवस नुसतं बघा, टोकू नका. 9.4 मधला काही वाटा तिथेही सापडेल.

आता भाऊंच्या सल्ल्याकडे येते. मूळ पत्रात भाऊंचं म्हणणं दहा ओळींत आहे आणि आईचं एका ओळीत. तोंड कोणाचं आहे, हे तुम्हा दोघांना आठवून द्यावंसं वाटलं. भाऊंच्या मायेबद्दल शंका नाही. लांब राहणाऱ्या मुलाला एकदाच येऊन, पैसे भरून, सगळं मिटवून टाकायचं असतं. पण ‘सगळं काढून टाका, सगळं बरं होईल’ हा प्रयोग एकदा करून झालेला आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या भाषणात तोंडातली घाण हे कित्येक आजारांचं मूळ असल्याचं सांगितलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडात सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत कशासाठीही लोकांचे दात उपटले गेले. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करायला रुग्णांचे दात काढले, तेवढ्यानं भागेना तेव्हा टॉन्सिल आणि आतड्याचे तुकडेही काढले. कित्येक दगावले. सांधे काही बरे झाले नाहीत, माणसं बोळकी तेवढी झाली.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याच बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याच्या तक्रारी आल्या आणि 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अवयव काढला की त्रास संपला, हे गणित आपल्या भागात बायांच्या बाबतीत फार पटकन मांडलं जातं. म्हणून ‘सगळे काढू’ ऐकलं की मी आधी विचारते, कोणता, का, आणि एक्स-रे कुठाय?

इम्प्लांटचं म्हणाल, तर अनियंत्रित शुगर आणि तंबाखू या दोन्हींनी इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो, आणि तुमच्या आईकडे आज दोन्ही आहेत. शिवाय इम्प्लांटभोवतीच्या हिरडीलाही हाच आजार होतो. कवळी हा मार्ग आहे, पण दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालची कवळी बसता बसत नाही. कवळी लावून ज्वारीची भाकरी खाणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि कवळी कोनाड्यात ठेवून चहात टोस बुडवणाऱ्या त्याहून जास्त पाहिल्यात. दात एकेक करून ठरवायचा. नुसता पुढे-मागे हलणारा दात सफाईनंतर कित्येकदा घट्ट होतो. वर-खाली दाबला जाणारा बहुतेक वाचत नाही.

हृदयाबद्दलचे व्हिडिओ अर्धवट खरे आहेत. हिरड्या खराब असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे पुष्कळ अभ्यासांत आलंय. पण तंबाखू, शुगर आणि वय दोन्हींच्या मुळाशी आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं की संबंध आहे, पण एकामुळे दुसरं होतं किंवा हिरड्या बऱ्या केल्यानं अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. भावाला एवढंच कळवा. अपवाद एकच: कोणाच्या हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल, तर दातांच्या कामाआधी ते सांगायलाच हवं. अशांना सफाईआधीही अँटिबायोटिक द्यावं लागतं. गुडघ्यांबद्दल मात्र चाळीस वर्षं उकिडवं बसून खुरपणी केलेल्या बाईच्या गुडघ्यांचा दोष मी दातांवर टाकणार नाही.

आणि आईचं ‘नजर जाते’? दाताची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत, दात काढल्यानं डोळा जात नाही. पण ही समजूत आली कुठून? ज्या वयात दात जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, आणि शुगरवाल्यांचा तर पडदाही खराब होतो. तिनं आजूबाजूला आधी दात आणि मग नजर गेलेली माणसं पाहिली असतील. बघण्यात चूक नव्हती, कारण चुकलं. तिला हसू नका. नऊ वर्षांच्या शुगरमध्ये तिचा डोळ्याचा पडदा थेंब टाकून कधी तपासलाय का? पत्रात उल्लेख नाही. वर्षातून एकदा तो तपासायचाच असतो. आधी तो तपासून आणा. तिच्या भीतीला तुम्ही मान दिला, हे तिला दिसेल आणि मग दातांकडे ती सोपी येईल.

मिसरीचं थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा अख्खी गल्ली ठसकायची. मग ती काळी भुकटी डबीत, डबी कमरेला, आणि दुपारी उंबऱ्यात बसून डाव्या गालात बोट. ती त्याला दात घासणं म्हणायची. दात घासायला दिवसातून सहा वेळा कोण बसतं? 1992 मध्ये सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. आता मुद्द्याचं: निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून आजार आत खोल गेला तरी रक्त कमी येतं. ‘रक्त फारसं येत नाही’ याचं कारण बहुधा हे. आणि मिसरी सोडली की काही आठवडे रक्त जास्त येतं. मग बाया म्हणतात, बघा, मिसरी होती तर बरं होतं, आणि पुन्हा डबी उघडतात. आईला हे आधीच सांगून ठेवा.

डबी लपवू नका. मी आजीची लपवली होती, तर तिनं शेजारच्या मावशीकडून बोटभर उसनी आणली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सकाळची पहिली वेळ शेवटी सोडायची, ती सगळ्यात अवघड. दुपारची एक आधी. त्या वेळेला तोंडात लवंग किंवा साधी बडीशेप, साखरेची नको. 1800-11-2356 हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे माणूस बोलतो. आणि दातांच्या डॉक्टरांना गालाची आतली बाजू मुद्दाम बघायला सांगा, मिसरी ठेवायची तीच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असं काही असेल, तर हिरड्या राहू द्या, आधी त्याची तपासणी.

आता सोमवारपासून करायचं काम. शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि तोंडी निरोप न आणता चिठ्ठी मागा. त्यात एवढं हवं: ‘महिला, वय 61, मधुमेह 9 वर्षं, तीन महिन्यांची शुगर 9.4, चालू औषधं अमुक, रक्त पातळ करणारी गोळी आहे किंवा नाही. हिरड्यांखालची सफाई टप्प्याटप्प्यानं करण्यास हरकत नाही. दात काढायचा झाल्यास आधी कळवावे.’ चार ओळींनी तुमचे आठ महिने मोकळे होतील. बीपीची गोळी ॲम्लोडिपिन असेल तर तेही लिहून घ्या, तिनं काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. रक्त पातळ करणारी गोळी असली, तर आपल्या मनानं बंद करू नका.

तुमच्या गावचे डॉक्टर तरीही तयार नसतील तर भांडू नका. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. लातूर, नांदेड, परभणीला खासगी दंत महाविद्यालयं आहेत आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय. तिथे हिरड्यांचा वेगळाच विभाग असतो. विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त लागतो, पण शिक्षक तपासतात आणि खर्च कमी येतो. खिसे मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून द्या म्हणा. तो कागद शुगरच्या फाइलला जोडून ठेवा.

जायचं सकाळी, पण नाश्ता करून आणि नेहमीची गोळी घेऊन. ‘दवाखान्यात जायचंय’ म्हणून बाया उपाशी निघतात, गोळी मात्र घेतात, आणि खुर्चीत शुगर उतरून घाम फुटतो. पिशवीत साखरेची पुडी असू द्या. सफाई दोन-चार बैठकांत होते. नंतर दात सुटे वाटतात, गार पाणी लागतं, फटी दिसतात. लोक म्हणतात सफाईनंच दात हलले. खरं तर सूज उतरलेली असते आणि फटी बुजवून बसलेलं कीटण निघालेलं असतं. सहा ते आठ आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजायचे आणि सफाईनंतर तीन महिने झाले की तीन महिन्यांची शुगर करायची. कोणता दात ठेवायचा, कोणता काढायचा, ते दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. मध्येच गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर मात्र शुगर किती आहे हे न बघता त्याच दिवशी दवाखाना.

घरी मऊ ब्रश, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरून, हळू. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. साडीची सेफ्टी पिन दात कोरायला वापरत असेल, तर तेवढी काढून घ्या, ही एक गोष्ट लपवलीत तरी चालेल. मिठाच्या कोमट पाण्यानं बरं वाटतं, पण ते 5 मिलिमीटर खोल जात नाही. बाभळीची काडीही नाही.

उशीर झाला का, असं विचारलंत. काही दातांना झाला असेल. मागच्या येळवसेला तुम्ही आईच्या ताटाकडे बघितलंत, म्हणून हे पत्र आलं. घरातले बाकीचे भज्जीत होते.

ताजा कलम: मूळ पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मला कसलंही व्यसन नाही, फक्त जेवणानंतर सुपारी.’ सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. तुमची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते आज रात्री आरशासमोर बघा. जात नसतील, तर आईच्या चिठ्ठीबरोबर तुमचीही एक काढा. आणि आईला शुगर आहे, तुम्ही 38 चे आहात, तेव्हा तुमची शुगर शेवटची कधी तपासली होतीत, तेही कळवा.